दोषनोंदीतील स्थितिसंज्ञांची घडण

सॉफ्टवेअर घडवणाऱ्या संघात एखादा दोष, म्हणजे या व्यवसायाच्या रोजच्या बोलीतला बग, सापडल्यापासून त्याचा निकाल लागेपर्यंतची हकिकत ज्या प्रणालीत नोंदवली जाते तिला बग ट्रॅकर म्हणतात, आणि त्या नोंदीची त्या वेळची अवस्था सांगणारा जो ठरीव शब्द तिच्यावर असतो त्याला स्टेटस किंवा स्थितिसंज्ञा म्हणता येईल. ‘न्यू’, ‘असाइन्ड’, ‘रिझॉल्व्ड’, ‘क्लोज्ड’ हे शब्द आज हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या कचेऱ्यांत इतके अंगवळणी पडले आहेत की ते कोणी तरी विशिष्ट अडचणीतून, विचारपूर्वक ठरवले असतील हे सहसा ध्यानात येत नाही. त्यांचा सुमारे साठ वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की संज्ञांची यादी तयार करणे कोणत्याच काळात अवघड नव्हते. अवघड होते ते एका संज्ञेचा अर्थ संघातील सर्वांनी, आणि वर्षानुवर्षे, एकच धरणे. हा एकार्थ कोठे मोडला याचा माग काढला तर कारण बहुधा एकच निघते: एका शब्दाकडून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे मागितली गेली.

नोंद ठेवणारी व्यक्ती एकच असेल तर ही अडचण उद्भवत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली घडवताना १९७८ पासून आपल्या दुरुस्त्यांची टिपणवही ठेवली आणि १९८९ साली तिच्यावर आधारलेला विस्तृत लेख प्रसिद्ध केला, ज्यात प्रत्येक नोंदीला पंधरा वर्गांपैकी एका वर्गाचे अक्षर दिलेले आहे: गणनपद्धतीच चुकली असेल तर एक, एखादे काम विसरून राहिले असेल तर दुसरे, निव्वळ टंकनदोष असेल तर तिसरे. वर्गीकरण इतके सूक्ष्म असूनही नोंद सध्या कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारे अक्षर त्यात नाही, कारण दुरुस्ती ठरवणारा, ती करणारा आणि तपासणारा माणूस बव्हंशी एकच होता. स्थितिसंज्ञेची गरज ही कामे वेगवेगळ्या हातांत गेल्यावर निर्माण होते, आणि ते हात एकमेकांना अनोळखी असतील तर ती तीव्र होते.

अशी परिस्थिती मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालेमुळे. ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या या मालेसाठी फ्रेड ब्रुक्स यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या संघाने जी कार्यप्रणाली लिहिली, तीच असंख्य ग्राहकांकडे एकाच वेळी चालू लागल्याने दोष सापडणार ग्राहकाच्या संगणककक्षात, त्याची पहिली छाननी करणार स्थानिक सेवा-अभियंता आणि दुरुस्ती करणार दूरच्या प्रयोगशाळेतला प्रोग्रामर, अशी साखळी तयार झाली. या साखळीसाठी आयबीएमने ‘एपार’ हा अहवाल रूढ केला, ज्याचा अर्थ प्रोग्रामच्या विश्लेषणाचा अधिकृत अहवाल असा होतो. त्यातले ‘अधिकृत’ हे विशेषण महत्त्वाचे आहे, कारण ग्राहकाची तक्रार आणि कंपनीने आपला दोष म्हणून दाखल करून घेतलेली नोंद यांत तिथे सुरुवातीपासूनच भेद केलेला होता. तात्पुरत्या दुरुस्तीला ‘पीटीएफ’ म्हणत, आणि ती दुरुस्तीच सदोष निघाली तर तिला ‘पीई’ अशी स्वतंत्र खूण मिळे, म्हणजे दुरुस्तीतून उपजलेला दोष मूळ दोषाच्या नोंदीत मिसळून जात नसे.

आयबीएमच्या या पद्धतीत पुढे स्थिरावलेल्या समाप्तिसंज्ञा, म्हणजे नोंद बंद करताना द्यावयाची अक्षरे, बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. दोष खरोखर प्रोग्रामचा असेल तर ‘पीईआर’, वापरणाऱ्याची चूक असेल तर ‘यूएसई’, माहितीपुस्तिका चुकीची असेल तर ‘डीओसी’, आणि आधीच नोंदलेला दोष पुन्हा आला असेल तर ‘डीयूपी’ ही अक्षरे दिली जातात. त्यांच्याच जोडीला ‘एफआयएन’ आहे, ज्याचा अर्थ असा की दोष मान्य आहे, परंतु या उत्पादनाची पुढची आवृत्ती निघाली तरच तो दुरुस्त होईल. आणि ‘पीआरएस’ आहे, म्हणजे हा दोष आता उत्पादनाची कायमची मर्यादा म्हणून स्वीकारला गेला आहे. नोंद बंद होणे आणि दोष नाहीसा होणे या दोन घटना भिन्न आहेत ही जाण या संज्ञांत पक्की दिसते. ग्राहकाला नकारच द्यायचा असला तरी तो कोणत्या प्रकारचा नकार आहे हे सांगण्याची जबाबदारी या पद्धतीने घेतली, आणि नंतरच्या अनेक प्रणालींपेक्षा ती या बाबतीत अधिक प्रामाणिक होती असे म्हणावे लागते.

आयबीएमची शिस्त एका कंपनीच्या भिंतींआड होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत, जिथे लिहिणारे आणि वापरणारे जगभर विखुरलेले होते आणि कोणाचा कोणावर हुकूम चालत नव्हता, तिथे हे काम नव्याने करावे लागले. ग्नू प्रकल्पाच्या सॉफ्टवेअरला सशुल्क आधारसेवा देण्यासाठी १९८९ साली स्थापन झालेल्या सिग्नस या अमेरिकी कंपनीत १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘नॅट्स’ ही प्रणाली आकाराला आली. तिच्यात पाच स्थिती होत्या: ‘ओपन’ म्हणजे दाखल झालेली नोंद, ‘अ‍ॅनालाइज्ड’ म्हणजे जिच्या कारणाचा विचार झाला आहे अशी, ‘सस्पेंडेड’ म्हणजे काम पुढे ढकललेली, ‘फीडबॅक’ आणि शेवटी ‘क्लोज्ड’. यांतील ‘फीडबॅक’चा मूळ अर्थ असा होता की दोष सुटला आहे, तक्रारदाराला दुरुस्ती पाठवली आहे आणि ती चालते असे त्याच्याकडून कळण्याची वाट पाहिली जात आहे. परंतु फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने नॅट्स स्वीकारल्यावर त्याच शब्दाचा अर्थ वेगळा केला: पुढे जाण्यासाठी तक्रारदाराकडून किंवा इतरांकडून आणखी माहिती हवी आहे. एका प्रकल्पात जो शब्द कामाची अखेर जवळ आल्याचे सांगत होता तोच दुसऱ्या प्रकल्पात काम अडल्याचे सांगू लागला. फ्रीबीएसडीने मग दुरुस्ती मुख्य शाखेत झाली असून स्थिर शाखेत यायची बाकी आहे, किंवा तक्रारदाराचा होकार यायचा आहे, अशा नोंदींसाठी ‘पॅच्ड’ ही सहावी संज्ञा जोडली. ‘फीडबॅक’चा मूळ अर्थ सोडल्याने जी जागा रिकामी झाली होती तिचा काही भाग या नव्या शब्दाने भरून काढला. दोन्ही प्रकल्पांचे अर्थ आपापल्या जागी समर्थनीय होते, आणि प्रत्येक प्रकल्पाने आपला अर्थ लिहून ठेवला होता म्हणूनच हा फरक आज ओळखू येतो.

याच काळात मायक्रोसॉफ्टमध्ये ‘रेड’ नावाची अंतर्गत प्रणाली वापरात होती, जिच्यातील नोंद ‘अ‍ॅक्टिव्ह’, ‘रिझॉल्व्ड’ आणि ‘क्लोज्ड’ अशा तीनच अवस्थांतून जात असे. मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलवर काम केलेल्या जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली बग नोंदवण्याच्या पद्धतीवर जो बहुवाचित लेख लिहिला, त्यात त्यांनी मांडलेला नियम असा की दुरुस्ती करणारा नोंद फक्त ‘रिझॉल्व्ड’ करू शकतो, ‘क्लोज्ड’ मात्र ती उघडणाऱ्यानेच करावी. हा नियम शब्दाचा अर्थ व्याख्येने ठरवण्याऐवजी अधिकाराने ठरवतो. ‘क्लोज्ड’ म्हणजे काय याची चर्चा न करता तो शब्द कोण लिहू शकतो एवढे ठरले की त्याला आपोआप एक निश्चित आशय मिळतो, तो असा की ज्याला त्रास झाला त्याचे समाधान झाले आहे. स्थितिसंज्ञांच्या सुसंगतीसाठी आजवर सुचवलेल्या उपायांत इतका साधा आणि इतका टिकाऊ उपाय दुसरा सापडणे कठीण आहे.

आजच्या बहुतेक स्थितिसंज्ञांचे मूळ मात्र बगझिला या प्रणालीत आहे. नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा मूळ संकेत, म्हणजे सोर्स कोड, खुला करण्याचे जानेवारी १९९८ मध्ये जाहीर केले आणि ३१ मार्च १९९८ रोजी तो प्रत्यक्ष खुला झाला. कंपनीतील बगांची नोंद तोवर एका अंतर्गत प्रणालीत होत असे. आता बाहेरच्या स्वयंसेवकांनाही नोंद करता आली पाहिजे म्हणून टेरी वाइसमन यांनी त्याच वर्षी, या खुल्या संकेतावर उभ्या राहिलेल्या मोझिला प्रकल्पासाठी, नवी प्रणाली लिहिली, जी प्रथम टीसीएल या भाषेत होती आणि अधिक लोकांना हातभार लावता यावा म्हणून लवकरच पर्ल भाषेत उतरवली गेली. ती खुली असल्यामुळे शेकडो प्रकल्पांनी आणि कंपन्यांनी ती जशीच्या तशी उचलली, आणि तिच्याबरोबर तिची शब्दसंपदाही पसरली.

बगझिलाची खरी कामगिरी म्हणजे तिने दोन प्रश्न दोन रकान्यांत वेगळे केले. सरकारी कचेरीत एखादा अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि अर्जाचा निकाल काय लागला, या दोन वेगळ्या बाबी असतात. बगझिलात पहिलीसाठी ‘स्टेटस’ आणि दुसरीसाठी ‘रिझोल्यूशन’ असा रकाना होता, आणि नोंद ‘रिझॉल्व्ड’ करताना निकालाचा रकाना भरणे सक्तीचे होते. हा निकाल ‘फिक्स्ड’ म्हणजे दुरुस्त झाला असा असू शके; ‘इनव्हॅलिड’ म्हणजे वर्णिलेली गोष्ट दोषच नाही; ‘वोंटफिक्स’ म्हणजे दोष आहे, पण तो दुरुस्त केला जाणार नाही; ‘डुप्लिकेट’ म्हणजे आधीच्या नोंदीची पुनरावृत्ती, आणि अशा वेळी मूळ नोंदीचा क्रमांक द्यावाच लागे; ‘वर्क्सफॉरमी’ म्हणजे प्रयत्न करूनही दोष पुन्हा घडवून दाखवता आला नाही. यांतील ‘इनव्हॅलिड’ आणि ‘वर्क्सफॉरमी’ या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते आणि ती गल्लत तक्रारदाराला झोंबते, कारण दोष पुन्हा घडवता न येणे ही तपासणाऱ्याच्या बाजूची मर्यादा आहे, तर ‘इनव्हॅलिड’ हा तक्रारदाराच्या म्हणण्यावरचा निवाडा आहे. दोष पुन्हा घडवता न आल्यावर ‘इनव्हॅलिड’ लिहिणारा डेव्हलपर तपास अपुरा राहिल्याची वस्तुस्थिती झाकतो, आणि तोच दोष दुसऱ्या कोणाला सापडला तर त्याच्या हाती लागणारी जुनी नोंद त्याची दिशाभूल करते.

‘रिझॉल्व्ड’नंतर ‘व्हेरिफाइड’ ही पायरी होती, जिचा अर्थ गुणवत्ता तपासणाऱ्या टेस्टरने दुरुस्ती आणि निकाल दोन्ही पाहून मान्य केले आहेत असा होई. त्यानंतर ते उत्पादन प्रत्यक्ष बाजारात गेले की नोंद ‘क्लोज्ड’ व्हावी, असे जुन्या मार्गदर्शिकेत सांगितलेले होते. ही शेवटची पायरी ज्या काळात सॉफ्टवेअर तबकड्यांवर, वर्षा-दोन वर्षांनी एकदा प्रसिद्ध होई त्या काळाला शोभणारी होती. प्रसिद्धी सतत होऊ लागल्यावर ‘क्लोज्ड’ला स्वतःचे काम उरले नाही, आणि काही संघांत तो ‘व्हेरिफाइड’चा, काहींत ‘रिझॉल्व्ड’चा समानार्थी झाला. निकालांच्या यादीतील ‘लेटर’ आणि ‘रिमाइंड’ या दोन संज्ञांनी आणखी नुकसान केले. ‘लेटर’ म्हणजे या आवृत्तीत दुरुस्त होणार नाही, नंतर पाहू. ‘रिमाइंड’ म्हणजे कदाचित याच आवृत्तीत होईल, आठवण असू द्या. दोन्हींचा आशय काम शिल्लक आहे असा असूनही त्या निकालाच्या रकान्यात असल्यामुळे अशी नोंद ‘रिझॉल्व्ड’ ठरे, आणि उघड्या नोंदींची यादी काढणाऱ्याला ती दिसत नसे. काम केव्हा करायचे या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या रकान्यात लिहिल्याचा हा परिणाम होता. त्यासाठी बगझिलात लक्ष्य-आवृत्तीचा वेगळा रकाना होताच, आणि पुढे या दोन्ही संज्ञा मूळ संचातून काढून टाकण्यात आल्या.

स्थितीच्या रकान्यातही अशीच दुरुस्ती करावी लागली. बाहेरून येणाऱ्या नोंदींचा ओघ वाढल्यावर, जिची अजून कोणी शहानिशा केलेली नाही अशा नोंदीसाठी ‘अनकन्फर्म्ड’ ही स्थिती जोडली गेली, आणि पुरेशा वापरकर्त्यांनी मत दिले तर ती आपोआप पुढे सरकेल अशी सोय झाली. यामुळे ‘न्यू’चा अर्थ शहानिशा झालेली पण काम सुरू न झालेली नोंद असा बदलला, तरी शब्द तोच राहिला, आणि अनेक वर्षांपूर्वी मान्य झालेला दोष आजही ‘न्यू’ म्हणून दिसू लागला. ‘असाइन्ड’चेही तसेच झाले: व्याख्येप्रमाणे कोणी तरी काम हाती घेतले आहे असा त्याचा आशय होता, पण वाचणारा त्यातून नोंद कोणाच्या तरी नावावर आहे एवढेच घेई, आणि नाव तर जवळजवळ प्रत्येक नोंदीवर असेच. २००८ साली आलेल्या बगझिलाच्या ३.२ आवृत्तीने प्रत्येक संघाला आपल्या स्थिती स्वतः ठरवण्याची मुभा दिली, आणि फेब्रुवारी २०११ मधील ४.० आवृत्तीने मूळ संचच बदलून ‘अनकन्फर्म्ड’, ‘कन्फर्म्ड’, ‘इन प्रोग्रेस’, ‘रिझॉल्व्ड’ आणि ‘व्हेरिफाइड’ एवढ्या पाच स्थिती ठेवल्या. ‘न्यू’, ‘असाइन्ड’, ‘रीओपन्ड’ आणि ‘क्लोज्ड’ या चारही परिचित शब्दांना नव्या संचात जागा मिळाली नाही, आणि हा निर्णय धाडसाचा होता, कारण तोवर तेच शब्द जगभरच्या संघांची सवय झाले होते. खुद्द मोझिलाने आपल्या नोंदींसाठी जुनाच संच चालू ठेवला.

मधल्या काळात ‘फिक्स्ड’ या एका शब्दात किती निरनिराळ्या गोष्टी दडल्या आहेत हे लिनक्सचे वितरण करणाऱ्या कंपन्यांच्या लक्षात आले होते. मूळ लेखकाने संकेत दुरुस्त केला, वितरकाने तो आपल्या पॅकेजमध्ये घेतला, टेस्टरकडे तपासणीसाठी दिला, आणि ग्राहकाला अद्ययावत आवृत्ती म्हणून मिळाला, या चार वेगळ्या घटना असून चारही ठिकाणचा माणूस आपापल्या परीने ‘फिक्स्ड’च म्हणतो. रेड हॅट कंपनीने आपल्या बगझिलात या घटना सुट्या केल्या: दुरुस्ती परीक्षणासाठी मांडली की ‘पोस्ट’, संकेतात समाविष्ट झाली की ‘मॉडिफाइड’, टेस्टरच्या हाती गेली की ‘ऑन क्यूए’, त्याने मान्य केली की ‘व्हेरिफाइड’, प्रसिद्धीच्या रांगेत लागली की ‘रिलीज पेंडिंग’. समाप्तीचे निकालही दुरुस्ती कोठे मिळेल हे सांगणारे होते, जसे सध्याच्या आवृत्तीत, पुढच्या आवृत्तीत, किंवा ‘अपस्ट्रीम’, म्हणजे ज्या मूळ प्रकल्पातून तो संकेत येतो तिथे.

या भेदांचे मोल महाराष्ट्रातल्या वाचकाला एका जवळच्या उदाहरणावरून कळेल. रेड हॅटचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे, आणि भारतीय लिप्यांसाठीचे ‘लोहित’ हे मुक्त फाँट, जे मुळात पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवले होते, ते रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ पडद्यावर मोडका दिसत असेल तर त्याचे मूळ फाँटमध्ये असू शकते, अक्षरांची जोडणी करणाऱ्या ग्रंथालय-प्रोग्राममध्ये असू शकते, किंवा मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरमध्येही. ब्राउझरच्या संघाने नोंदीवर ‘दोष नाही’ असे लिहिले तर मराठी वाचकाची तक्रार तिथेच संपते; ‘अपस्ट्रीम’ असे लिहून योग्य प्रकल्पातील नोंदीचा दुवा दिला तर ती तक्रार आपल्या खऱ्या पत्त्यावर पोहोचते. ज्या भाषांच्या वापरकर्त्यांची संख्या एखाद्या प्रकल्पात कमी असते त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण तीच तक्रार दुसऱ्यांदा करायला तिथे बहुधा कोणी नसते.

एका दोषाला एकच स्थिती असते हे गृहीतकही याच अनुभवातून ढासळले. उबंटू वितरणामागील कॅनॉनिकल कंपनीच्या लाँचपॅड या प्रणालीत एकाच बगाच्या नोंदीखाली प्रत्येक संबंधित प्रकल्पासाठी वेगळी ओळ आणि वेगळी स्थिती असते, आणि दुरुस्ती संकेतात आली की ‘फिक्स कमिटेड’, ती लोकांपर्यंत पोहोचली की ‘फिक्स रिलीज्ड’ असा स्पष्ट भेद असतो. डेबियन प्रकल्पाने, ज्याची ई-मेलवर चालणारी नोंदप्रणाली इयन जॅक्सन यांनी १९९४ च्या सुमारास उभी केली, याहून मूलगामी मार्ग घेतला: तिथे दोष कोणत्या आवृत्तीत आढळला आणि कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला एवढेच नोंदवले जाते, आणि तो उघडा आहे की बंद हे विचारणाऱ्याच्या हातातील आवृत्तीवरून प्रणाली स्वतः ठरवते. स्थिती ही माणसाने दिलेला शेरा न राहता नोंदलेल्या वस्तुस्थितीवरून काढलेला निष्कर्ष बनते, आणि निष्कर्षात मतभेदाला जागा कमी उरते.

इतरत्र मात्र प्रवाह याच्या उलट, अधिकाधिक शब्द स्वतः घडवण्याच्या दिशेने गेला. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने २००२ साली आणलेल्या जिराचे नावच बगझिलाला उद्देशून ठेवलेले होते, कारण गॉडझिला या चित्रपटांतल्या राक्षसी प्राण्याचे जपानी नाव ‘गोजिरा’ आहे. तिच्या आरंभीच्या स्थितीही बगझिलाच्या वळणाच्या होत्या. पुढे प्रत्येक संघाला आपला कार्यप्रवाह, म्हणजे स्थितींचा क्रम आणि त्यांतील वाटा, चित्रासारखा आखता येऊ लागला आणि एकाच कंपनीत ‘डन’, ‘कम्प्लीटेड’, ‘डेव्ह डन’, ‘रेडी फॉर क्यूए’ असे शब्द शेजारी शेजारी नांदू लागले. जिरात निकालाचा रकाना रिकामा असेल तरच नोंद अनिर्णित मानली जाते आणि पडद्यावर तिथे ‘अनरिझॉल्व्ड’ असे दिसते; ते पाहून एखाद्या व्यवस्थापकाने ‘अनरिझॉल्व्ड’ नावाचा निकाल यादीत जोडला की तो दिलेली प्रत्येक नोंद, रकाना भरलेला असल्यामुळे, सुटलेली धरली जाते. या स्वातंत्र्याला आवर म्हणून जिरात प्रत्येक स्थिती ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ या तीन वर्गांपैकी एकात बसवावीच लागते, ज्यामुळे निदान वरच्या पातळीवरचे अहवाल एकमेकांशी ताडून पाहता येतात.

शब्दांचा अर्थ बिघडण्यामागे नेहमीच अज्ञान नसते. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर व्यवसायाचा मोठा भाग परदेशी ग्राहकांच्या सेवेवर उभा राहिला, आणि अशा सेवाकरारांत तक्रारीची दखल किती तासांत घ्यायची व निवारण किती दिवसांत करायचे याची मर्यादा लिहिलेली असते. नोंद ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ या स्थितीत गेली की हे घड्याळ थांबते. ही तरतूद रास्त आहे, कारण ग्राहकाने माहितीच दिली नाही तर त्याचा भार संघावर पडू नये. परंतु मुदत जवळ आल्यावर एखादा किरकोळ प्रश्न विचारून नोंद त्या स्थितीत ढकलण्याचा मोहही तीच निर्माण करते, आणि मग ती संज्ञा खरोखर अडलेले काम दाखवते की वाचवलेली मुदत, हे अहवाल वाचणाऱ्याला कळत नाही. टेस्टरच्या कामाचे मोजमाप त्याने उघडलेल्या नोंदींवरून आणि डेव्हलपरचे पुन्हा उघडल्या गेलेल्या नोंदींवरून होत असेल, तर ‘रीओपन्ड’ करण्याऐवजी नवी नोंद उघडणे दोघांच्याही सोयीचे ठरते आणि दोषाचा सलग इतिहास तुटतो. वेगवेगळ्या कालक्षेत्रांत काम करणाऱ्या संघांत ही हानी अधिक होते, कारण पुण्यात संध्याकाळी काम थांबवणाऱ्याने ठेवलेली स्थिती अमेरिकेत सकाळी काम सुरू करणाऱ्याला त्याच्याशी न बोलताच समजून घ्यावी लागते.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९३ साली सॉफ्टवेअरमधील विसंगतींच्या वर्गीकरणाचे १०४४ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले, ज्यात ओळख, तपास, कृती आणि अंतिम व्यवस्था असे चार टप्पे होते, आणि २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. रोजच्या कामात मात्र या मानकापेक्षा बगझिलाच्या आणि जिराच्या तयार याद्यांचाच प्रभाव राहिला. नोंदी विसंगत असल्याची किंमत किती असते याचा अंदाज संशोधकांना अलीकडे आला. जर्मनीतील झारलांड विद्यापीठाचे किम हेर्झिग, साशा युस्ट आणि आंद्रेआस त्सेलर यांनी पाच मुक्त जावा प्रकल्पांतील ७,००० हून अधिक नोंदी हाताने तपासून २०१३ साली दाखवले की बग म्हणून वर्गीकृत नोंदींपैकी ३३.८ टक्के नोंदी प्रत्यक्षात बग नव्हत्या, तर नव्या सोयीची मागणी किंवा माहितीपुस्तिकेतील बदल अशा होत्या, आणि त्यामुळे सदोष मानल्या गेलेल्या फायलींपैकी सरासरी ३९ टक्के फायलींत कधी दोष नव्हताच. हा अभ्यास स्थितीचा नसून नोंदीच्या प्रकाराचा होता. तरीही अशा नोंदींवरून पुढचे दोष कोठे उद्भवतील याची भाकिते करणाऱ्या संशोधनाचा पायाच त्याने तपासायला लावला.

मोठ्या प्रमाणावर नोंदी बंद करण्याच्या प्रथेवरही तीव्र मतभेद झाले. मोझिलाच्या उभारणीत सहभागी असलेले जेमी झाविन्स्की यांनी २००३ साली ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पावर टीका केली की प्रोग्राम नव्याने लिहिला म्हणून जुन्या नोंदी सरसकट बंद केल्या जातात, त्या दोषांचे काय झाले हे कोणी पाहत नाही, आणि तेच दोष नव्या प्रोग्राममध्ये पुन्हा येतात. बंद केलेल्या नोंदींची संख्या वाढणे म्हणजे प्रगती असे मानणाऱ्या प्रत्येक संघाला ही टीका लागू आहे. २००९ साली आलेल्या गिटहबच्या नोंदप्रणालीने सर्व गुंता टाळून ‘उघडी’ आणि ‘बंद’ अशा दोनच स्थिती ठेवल्या, पण ‘डुप्लिकेट’, ‘इनव्हॅलिड’, ‘वोंटफिक्स’ ही जुनी नावे रंगीत लेबलांच्या रूपाने तिथेही आलीच, आणि २०२२ मध्ये बंद करताना काम पूर्ण झाले की ते करण्याचा विचार नाही, यांपैकी एक कारण निवडण्याची सोय द्यावी लागली. स्थिती आणि निकाल यांचा बगझिलाने १९९८ साली केलेला भेद इथे चोवीस वर्षांनी पुन्हा प्रकट झाला.

एखादा प्रकल्प एक प्रणाली सोडून दुसरीकडे जातो तेव्हा त्याच्या संज्ञांची खरी परीक्षा होते, कारण जुन्या प्रत्येक शब्दासमोर नवा शब्द लिहावा लागतो आणि ज्यांचा अर्थ इतकी वर्षे संदिग्ध राहिला ते शब्द इथे अडतात. जीसीसी या प्रख्यात कंपायलरच्या प्रकल्पाने २००३ साली नॅट्स सोडून बगझिला स्वीकारली; फ्रीबीएसडीने तोच मार्ग २०१४ मध्ये धरला. जीसीसीच्या बगझिलात आजही ‘न्यू’ आणि ‘असाइन्ड’ यांच्या शेजारी ‘सस्पेंडेड’ आणि ‘वेटिंग’ या दोन स्थिती आढळतात, ज्या बगझिलाच्या मूळ संचात कधीच नव्हत्या. पहिली नॅट्सच्या पाच स्थितींपैकी एक असून ती त्याच नावाने आली. दुसरी तक्रारदाराकडून माहिती येण्याची वाट पाहणाऱ्या नोंदींसाठी आहे, म्हणजे ‘फीडबॅक’ला फ्रीबीएसडीने जो आशय दिला होता तोच आशय इथे त्याला नेमकेपणाने सांगणाऱ्या नावाने नांदतो आहे. नोंदी हाताळणाऱ्यांसाठी या प्रकल्पाने जी मार्गदर्शिका ठेवली आहे तिच्यात स्थितींचा अर्थ लिहिलेला आहे.